फसायचे तेच फसले का?

कमांड यशस्वी झाली तर शून्य, फसली तर दुसरा कुठलाही आकडा. युनिक्सचा हा हिशेब जुना. १९७९च्या बॉर्न शेलमध्ये होता, पुढच्या शेलांनीही पाळला. त्यामुळे 'ही कमांड फसलीच पाहिजे' अशी चाचणी लिहिणे सोपे वाटत आले. निकाल उलटा केला की झाले! ते तसे का नाही, हे गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटचालीत नीट दिसते.

एप्रिल २००५मध्ये लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतले. जुलैपासून जुनिओ हामानो ते सांभाळू लागले. चाचण्या शेल स्क्रिप्टमध्येच. त्यांत 'टेस्ट_एक्स्पेक्ट_फेल्युअर' होते: आतल्या कमांडींची साखळी कुठेही तुटली की चाचणी पास. पण साखळीत आधी तयारीच्या दोन-तीन कमांडी असत आणि तपासायची ती शेवटी. तयारीतच घोळ झाला तरी चाचणी पास! नापास झालेला आणि परीक्षेला बसलाच नाही तो, दोघांना एकच शेरा. फेब्रुवारी २००८मध्ये हामानोंनी या नावाचा अर्थच बदलला. माहीत असलेल्या पण अजून न सुधारलेल्या दोषांसाठी ते राखले आणि नेमक्या एका कमांडीसाठी 'टेस्ट_मस्ट_फेल' आणले.

'टेस्ट_मस्ट_फेल' आकडाही पाहते. गिटने चूक ओळखून नकार दिला तर साधारण १ किंवा १२८ येतो. मेमरीत भलतीकडे हात घालून कोसळले तर १३९, कमांड सापडलीच नाही तर १२७. शेलमध्ये कमांडीआधी उद्गारचिन्ह लावले की निकाल उलटा होतो; पण नुसत्या उद्गारचिन्हाला हे सगळे सारखेच. शिवाय 'सेट -ई' (कमांड फसताच थांबा) लावलेल्या स्क्रिप्टमध्ये उद्गारचिन्हाची ओळ अपेक्षेविरुद्ध गेली, तरी स्क्रिप्ट थांबत नाही. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाचा नियमच तसा आहे.

हा धोका गिटपुरता नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटींना मंजुरी दिली. या लहरींच्या विश्लेषणाचे 'लॅलसूट' हे सॉफ्टवेअर गिटमध्येच सांभाळले जाते. खराब फाइल आली तर अशा प्रोग्रामने कारण सांगून नकार द्यायला हवा. तो मध्येच कोसळला आणि चाचणीने त्यालाच 'पास' म्हटले, तर दोष तसाच पुढे जातो.

तेव्हा चाचणी लिहिणाऱ्यांनो, 'फसली' एवढ्यावर समाधान मानू नका. आकडा तपासा, एरर मेसेज तपासा. आणि तीच कमांड बरोबर माहिती दिल्यावर चालते, हेही शेजारच्या चाचणीत दाखवा.