दासोपंतांच्या गावातून 'प्रभात'कडे पाहताना

१९३५ साली 'धर्मात्मा' आला आणि पैठणचे एकनाथ महाराष्ट्राला पडद्यावर दिसले, तेही बालगंधर्वांच्या रूपात. चित्रपटाचे नाव आधी 'महात्मा' होते. ते गांधीजींची आठवण करून देणारे, म्हणून सरकारी परिनिरीक्षणात अडकले आणि बदलावे लागले. मराठवाड्यातल्या एका संताची कथा जातिभेदाविरुद्ध इतक्या स्पष्टपणे सांगण्याची हिंमत ज्या कंपनीने दाखवली, ती प्रभात फिल्म कंपनी. अंबाजोगाईकर म्हणून मला ही कंपनी फार जवळची वाटते.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ती सुरू झाली. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले. पैशाची बाजू सांभाळायला सराफ सीताराम कुलकर्णी पाचवे भागीदार झाले. दामल्यांचा हात यंत्रांवर आणि ध्वनीवर, फत्तेलालांचा रंगरेषांवर, धायबरांचा कॅमेऱ्यावर. मालकच कारागीर असल्याने काम कुठे बिघडले हे त्यांना सांगावे लागत नसे. १९३२ साली 'अयोध्येचा राजा'ने मराठी बोलपट सुरू केला आणि पुढच्या वर्षी कंपनी पुण्याला गेली. नट, गायक, लेखक, सुतार, रंगारी, सगळे महिन्याच्या पगारावर आणि एकाच आवारात.

या पद्धतीचे खरे फळ म्हणजे 'संत तुकाराम' (१९३६). दामले-फत्तेलाल जोडीचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आणि गौरीबाईंची जिजाई. स्टुडिओत साधी कामे करता करता पडद्यावर आलेल्या या बाईंनी भूक, राग आणि माया असा काही संसार उभा केला की, माझ्या मते, चित्रपटाचा अर्धा जीव त्यांच्याकडेच आहे. शांताराम आठवल्यांनी लिहिलेले त्यातले एक गीत तर लोक तुकोबांचाच अभंग समजू लागले. मुंबईच्या सेंट्रल टॉकीजमध्ये चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला.

'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' ही पुढची नावे वाचकांना ठाऊकच आहेत. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, १९४५ मध्ये दामले गेले. मग उतार लागला आणि पन्नाशीच्या दशकात कंपनी मिटली. त्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. २००३ सालच्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या, ती हानी आजही मनाला लागते.

आता आपल्या गावाकडे येतो. एकनाथांचे समकालीन दासोपंत इथेच राहिले, इथेच त्यांनी 'गीतार्णव' लिहिला. कापडावर लिहिलेली त्यांची पासोडी याच गावात जपलेली आहे. वडिलांकडून सरकारी वसूल थकला म्हणून बीदरला ओलीस राहिलेला मुलगा आणि पाडेवाराच्या वेषात येऊन ती रक्कम भरणारे दत्त, ही परंपरेने सांगितलेली कथा म्हणजे तयार पटकथाच आहे. कॅमेरा आज खिशातल्या फोनमध्ये आहे. एकत्र बसून मनापासून काम करणारी मंडळी मात्र जमवावी लागतात. अंबाजोगाईच्या नाट्यवेड्या तरुणांनो, आधी पासोडी नीट पाहा, मग 'संत तुकाराम' पाहा आणि कामाला लागा.