बेमुदत गोळी

लातूरचे नाव प्रथम तुरीच्या बाजाराने गाजले, नंतर अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’ने; नांदेडनेही वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांत त्याच्या शेजारी आपले बस्तान बसविले. गावोगावची मुले या दोन शहरांत खोल्या घेऊन राहतात, मेसचा डबा रात्री मिळेल तेव्हा उघडतात, मध्यरात्री टपरीवर चहा घेतात, आणि पहाटे उठावयाचे म्हणून शेवटचा घास पोटात उतरतो न उतरतो तोच अंथरुणावर आडवी होतात. मग छातीत जळजळ होऊ लागली की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ‘पित्ताची गोळी’ येते. मुखेड-कंधार किंवा निलंगा-औशाकडून दवाखान्याच्या कामाने आलेला, गुडघेदुखीची गोळी वर्षानुवर्षे घेणारा शेतकरीही तीच गोळी मागतो, आणि घरी मिश्री लावणाऱ्या आईसाठी आणखी एक पाकीट बांधून घेतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ही विकू नये, असा हुकूम पाकिटावर छापलेला असतो. पण तो वाचण्याची तसदी ना देणारा घेतो, ना घेणारा.

गोळीवर अन्याय होऊ नये म्हणून तिचे उपकार आधी सांगितले पाहिजेत. एके काळी जठरव्रणाच्या कित्येक रुग्णांना शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागे. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेले आम्ल घटविणारे औषध सिमेटिडीन १९७६ साली बाजारात आले, १९८१ मध्ये रॅनिटिडीन आले, आणि १९८८ मध्ये, ज्या वर्षी ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्याच वर्षी, स्वीडनच्या संशोधकांनी शोधलेले ओमेप्रॅझोल विक्रीस आले. पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल ही त्याचीच भावंडे. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर ढकलणारे जे पंप असतात ते ओमेप्रॅझोल आणि त्याची ही भावंडे निकामी करतात, म्हणून औषध काही तासांत रक्तातून नाहीसे झाले तरी नवे पंप तयार होईपर्यंत परिणाम टिकतो. मात्र जेवणाने पंप कामाला लागण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास गोळी घेतली तरच ती नीट लागू पडते. भरपेट जेवून, जळजळ सुरू झाल्यावर गिळलेली गोळी बव्हंशी वाया जाते.

आम्ल हा मुळात गुन्हेगार नव्हे. ते अन्नातील जंतू मारते, प्रथिने फोडते, बी-१२ जीवनसत्त्व अन्नापासून मोकळे करते. अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावरील स्नायूंची झडप सैल पडून ते वर चढले, म्हणजे उपद्रव होतो; गोळी आम्ल कमी करते, झडप घट्ट करीत नाही.

साध्या जळजळीसाठी ही औषधे चार ते आठ आठवड्यांच्या मुदतीने द्यावयाची असतात. मुदत संपते, गोळी मात्र राहते. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याने मराठवाड्यातील कुळांना संरक्षण मिळून त्यांना जमिनीवरून हुसकावणे मालकाला अवघड झाले. गोळीही पोटात तशीच संरक्षित कूळ होऊन बसते, फरक इतकाच की कुळांचा हक्क न्याय्य होता. ती उठत का नाही याचा उलगडा २००९ साली डेन्मार्कमधील एका प्रयोगाने केला. ज्यांना पित्ताचा काहीच त्रास नव्हता अशा १२० जणांपैकी एका गटाला आठ आठवडे याच जातीचे एसोमेप्रॅझोल आणि दुसऱ्याला नुसती बनावट गोळी दिली. औषध थांबल्यावर पहिल्या गटातील सुमारे ४४ टक्के लोकांना जळजळ वा आंबट ढेकर असा त्रास झाला, दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. दबलेले आम्ल उसळून वर येते, आणि माणूस समजतो की आपला आजार परतला. तो पुन्हा दुकानी जातो.

धोक्यांविषयी मात्र तारतम्य हवे. या गोळ्यांनी हाडे मोडतात, मूत्रपिंडे जातात, स्मृती जाते, अशी भीती घालणारे बरेच निष्कर्ष केवळ निरीक्षणांवर उभे आहेत, आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, साडेसतरा हजारांहून अधिक रुग्णांना सुमारे तीन वर्षे पाहिलेल्या चाचणीत पँटोप्रॅझोलमुळे आतड्यांचा जंतुसंसर्ग तेवढा किंचित वाढलेला आढळला. तरीही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये अस्थिभंगाचा आणि २०११ मध्ये रक्तातील मॅग्नेशियम घटण्याचा इशारा दिला, तो निष्कारण नव्हे. आपल्याकडे माळकरी घरांतील वयस्कर मंडळींचा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो: आहारात मुळातच बी-१२ थोडे, त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, आणि वर ही गोळी, म्हणजे हातापायांना मुंग्या येऊ लागल्यास नवल नाही. पँटोप्रॅझोलसोबत एकाच कॅप्सूलमध्ये येणारे डॉम्पेरिडोन काही जणांत हृदयाची लय बिघडवू शकते. ते हवे की नको, हे गिऱ्हाइकाने ठरवू नये. रॅनिटिडीनचे प्रकरण निराळे. २०१९ मध्ये त्यात कर्करोगकारक असण्याचा संभव असलेला एनडीएमए हा पदार्थ आढळला, अमेरिकेने २०२० मध्ये ते बाजारातून काढावयास लावले, आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून २०२२ मध्ये ते वगळले गेले.

याहून मोठा धोका गोळीच्या आड लपलेल्या आजाराचा. पन्नाशीच्या माणसाच्या छातीत जळजळीसोबत दडपण येते, घाम फुटतो, कळ डाव्या हातात वा जबड्यात उतरते, आणि घरचे म्हणतात, ‘पित्तच झालंय, सोडा घ्या.’ तो हृदयविकाराचा झटका असू शकतो, आणि सोडा पिण्यात घालविलेला तास पुन्हा मिळत नाही. घास अडकणे, वजन घटणे, शौचाला काळे होणे किंवा रक्ताची उलटी ही लक्षणे दिसताच दुकान सोडून नांदेडमधील विष्णुपुरीच्या वा लातूरच्या शासकीय रुग्णालयाची वाट धरावी.

उपाय साधे आहेत, पण ते पाकिटात मिळत नाहीत. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर. खाटेच्या डोक्याकडील पायांखाली दोन-दोन विटा, जेणेकरून ती बाजू सहा-आठ इंच उंच होईल (नुसत्या उशा रचून पोट मुडपते). डाव्या कुशीवर झोप. आणि सुटलेले पोट असल्यास ते उतरविणे, ज्याचा गुण सर्वांत भरवशाचा. तंबाखू-चुना आणि मिश्री यांतील निकोटीन झडप सैल करते, ते सोडल्यावाचून बाकी काटेकोरपणा व्यर्थ. थंड दुधाने क्षणभर बरे वाटते, पुढे आम्ल अधिकच स्रवते. तुरीच्या वरणावर सारा दोष ढकलण्याचा रिवाज तर खुद्द लातुरातही आहे. ज्याला खरोखर बाधते त्याने ते टाळावे, परंतु रात्री अकराला चापून खाल्लेले मुगाचे वरणही बाधल्याशिवाय राहत नाही. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक ही जठराला बोचणारी वेदनाशामक गोळी घेणाऱ्याने दुखण्यावर दुसरा इलाज आहे काय, हे डॉक्टरांना विचारावे.

गोळी सोडावयाची तर एकाएकी न सोडता, डॉक्टरांच्या संमतीने मात्रा अर्धी, मग एक दिवसाआड, अशी उतरवीत जावे. मधल्या आठवड्यांत जी जळजळ उसळते ती पुष्कळदा आपोआप ओसरते, आणि तोवर साध्या पातळ अँटासिडवर निभावते. मात्र ज्यांना रक्तस्रावी व्रण झाला होता, ज्यांच्या अन्ननलिकेला आम्लाने जबर इजा झाली आहे, किंवा उतारवयात जे हृदयासाठी ॲस्पिरिन घेतात, त्यांच्यापैकी कित्येकांना ही गोळी दीर्घकाळ लागतेच, आणि अशांनी ती या लेखाच्या आधारे बंद करू नये.