पहिल्या रंगीत टीव्हीचं लाकूड

२५ मार्च १९५४ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, ब्लूमिंग्टनच्या आरसीए कारखान्यात सीटी-१०० या रंगीत टीव्हीचं उत्पादन सुरू झालं. किंमत एक हजार डॉलर. त्या वेळी साधी नवी शेवरोले मोटार दीड-पावणेदोन हजारांत मिळत होती. गिऱ्हाईक फारसं फिरकलं नाही आणि काही महिन्यांतच कंपनीनं किंमत ४९५ डॉलरवर आणली. वेस्टिंगहाउसचा रंगीत संच थोडा आधी दुकानांत आला होता, पण तो मोजकाच विकला गेला. मोठ्या संख्येनं बनलेला पहिला रंगीत टीव्ही हा मान सीटी-१००चाच, आणि ही मोठी संख्या म्हणजे जेमतेम पाच हजारांच्या घरातली.

या संचाचं दुखणं त्याच्या चित्रनलिकेत आहे. १५जीपी२२ या पंधरा इंची नळीत काच आणि धातू एकमेकांना जोडलेले होते. त्या सांध्यातून वर्षानुवर्षं हवा आत झिरपत राहिली आणि निर्वात नळ्या एकेक करून निकामी झाल्या. आज चालू नळी मिळणं हा संग्राहकांच्या लेखी नशिबाचा भाग. नळी गेलेल्या संचाचं उरतं काय, तर छत्तीस व्हॉल्व्हचा सांगाडा आणि त्याभोवतीचं महोगनी विनियरचं कॅबिनेट. व्हॉल्व्ह बदलता येतात, कपॅसिटर बदलावेच लागतात. कॅबिनेटवर कारखान्यात फवारलेला थर मात्र एकदा खरवडला की गेला. म्हणून अशा टीव्हीच्या दुरुस्तीत लाकूडकामाला ‘वरवरचं काम’ समजण्याची जी पद्धत आहे, ती मला मान्य नाही.

हा थर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा. आपल्याकडचे पॉलिशवाले त्यालाच एनसी लॅकर म्हणतात. सरकीला चिकटून राहिलेले कापसाचे आखूड तंतू नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात भिजवले की त्यातल्या सेल्युलोजला नायट्रेटचे गट जोडले जातात. नायट्रोजनचं प्रमाण साधारण बारा टक्क्यांपर्यंत ठेवलं तर लॅकरचा कच्चा माल मिळतो. ते आणखी वाढवलं तर गनकॉटन, म्हणजे चक्क स्फोटक. १९२०च्या दशकात हे लॅकर अमेरिकी मोटारींवर आलं आणि रंग वाळायला जिथे आठवडे लागत तिथे काम तासांवर आलं. फर्निचरचे कारखाने मग कशाला मागे राहतील?

ते इतकं झटपट वाळतं, कारण वाळताना त्यात रासायनिक असं काही घडतच नाही. थिनर उडून जातं आणि लांबलचक रेणू एकमेकांत गुंतून मागे राहतात. त्यांच्यात नवे बंध तयार होत नाहीत, त्यामुळे सत्तर वर्षांनंतरही थिनर लावलं की तोच थर पुन्हा विरघळतो. मेलामाइन किंवा पॉलियुरेथेनचं तसं नाही. त्यांचे रेणू वाळताना कायमचे एकमेकांना बांधले जातात आणि मग सुटत नाहीत. जुन्या कॅबिनेटची दुरुस्ती शक्य होते ती या एका फरकामुळे.

नायट्रोसेल्युलोज मुळात ठिसूळ. ते लवचीक राहावं म्हणून त्यात कापूर, एरंडेल तेल यांसारखी द्रव्यं मिसळत. ती काळाच्या ओघात उडतात किंवा बाहेर येतात. प्रकाशातले अतिनील किरण रेणूंच्या साखळ्या तोडतात, थर पिवळा पडतो. त्यात लाकूड स्वस्थ बसत नाही. हवेतला ओलावा कमी-जास्त झाला की ते तंतूंच्या आडव्या दिशेत फुगतं आणि आक्रसतं. ओली महोगनी पूर्ण सुकवली तर आडव्या दिशेत चार टक्क्यांपर्यंत आकसते, लांबीत मात्र जवळपास तसूभरही नाही. प्लायवुडचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्यानं ही हालचाल बरीचशी अडते, पण पूर्ण थांबत नाही. अमेरिकेतली घरं हिवाळ्यात गरम केली जातात, तेव्हा आतली हवा कोरडीठाक होते. वरून सीटी-१००सारखा संच स्वतःच चारशे वॉटहून जास्त वीज खाणारा, आणि त्याची सगळी ऊब वरच्या फळीखाली साठणारी. ठिसूळ झालेला थर या ओढाताणीत टिकत नाही. कॅबिनेटचा माथा भेगाळलेल्या जमिनीसारखा दिसू लागतो.

असं कॅबिनेट समोर आलं की बहुतेकांचा हात पॉलिश पेपरकडे जातो. इथेच घात होतो. त्या काळच्या विनियरची जाडी साधारण एक मिलिमीटर, अनेकदा त्याहूनही कमी. कडेवर चार हात जास्त फिरले की खालचं प्लाय उघडं पडतं आणि त्यावर इलाज नाही. दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. अमेरिकी कारखान्यांत रंगाचा मोठा भाग लाकडात मुरवलेला नसे, तो लॅकरमध्येच मिसळून फवारलेला असे. मुख्य फळ्यांना महोगनीचं विनियर, पण पट्ट्या आणि पाय यांना पुष्कळदा दुसरंच स्वस्त लाकूड. या रंगीत फवाऱ्यानं सगळं एकसारखं दिसायचं. थर काढून टाका, की एकाच कॅबिनेटमधून तीन रंगांची लाकडं बाहेर येतात. महोगनीची उघडी छिद्रं ज्या गडद लुकणानं भरलेली असतात, तेही थराबरोबर निघून येतं.

त्यामुळे जाणता माणूस आधी फक्त धुतो. टर्पेंटाइननं मेण, तेलकटपणा आणि सिगारेटच्या धुराचा चिकटा निघतो, लॅकरला धक्का लागत नाही. पुष्कळदा तपकिरी वाटणारं कॅबिनेट एवढ्यानंच लालसर होतं. मग मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी चाचणी. कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावल्यावर थर चिकट झाला तर तो चपड्याचा, म्हणजे लाखेच्या राळेचा. स्पिरिटनं विशेष काही न होता थिनरनं विरघळला तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर कुणीतरी मधल्या काळात दुसरं काहीतरी लावून ठेवलंय.

लॅकर असल्याची खात्री पटली की भेगांवर सावकाश उडणारं थिनर हलक्या हातानं फवारतात. जुना थर मऊ होतो, भेगांच्या कडा एकमेकांत मिसळतात आणि तो पुन्हा सपाट वाळतो. नवं काही न चढवता जुनंच सांधलं जातं. गरज असेल तिथेच वरून पातळ ताजा हात. या फवाऱ्यात एक विघ्न येतं. घरात कुणी वर्षानुवर्षं सिलिकॉनयुक्त पॉलिश चोळलेलं असेल तर नवं लॅकर त्या जागी पसरतच नाही. पृष्ठताण कमी असलेल्या सिलिकॉनभोवती गोल खळगे पडतात. तेव्हा मधे चपड्याचा एक हात देतात, तो सिलिकॉनला खालीच अडवतो. हा चपडा म्हणजे पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ बनवतात, तीच शुद्ध केलेली. जगाला ती पुरवण्यात आपल्या झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांचा वाटा फार मोठा आहे.

टीव्हीवर फुलदाणी ठेवायची हौस सगळीकडे सारखीच. तिच्या बुडाचं पांढरं वर्तुळ म्हणजे थरात अडकलेला ओलावा, तो बऱ्याचदा घालवता येतो. काळं वर्तुळ खालच्या लाकडात असतं. पाण्याबरोबर आलेलं लोह आणि लाकडातलं टॅनिन यांची ती शाईच. तिथे थर काढावाच लागतो, मग ऑक्झॅलिक आम्ल लोहाला धरून पाण्यात विरघळवून नेतं. आम्लाची पूड नाकातोंडात जाऊ देऊ नये, ते विषारी आहे.

विनियरचा तुकडाच उडालेला असेल तर खरी परीक्षा. नवा तुकडा चौकोनी कापला तर डोळा नेमका तिथे जातो. कडा तंतूंच्या दिशेनं निमुळत्या लागतात. तंतू प्रकाश एका ठरावीक कोनात परावर्तित करतात, त्यामुळे तोच तुकडा उलटा फिरवून बसवला तर समोरून जुळतो आणि बाजूनं काळा दिसतो. रंग जुळवणंही तितकंच फसवं. दोन तपकिरी छटा ट्यूबलाइटखाली एक वाटतात, उन्हात वेगळ्या पडतात. टीव्हीच्या पडद्यावर लाल, हिरवा, निळा प्रकाश मिळून रंग तयार होतो. पॉलिशमधला प्रत्येक थेंब मात्र प्रकाश शोषून कमी करतो. म्हणूनच लाकूड फार लाल झालं की मुरलेला कारागीर त्यात किंचित हिरवा रंग टाकतो.

हे काम आपल्या पावसाळ्यात कुणी करू नये. उडणारं थिनर पृष्ठभाग थंड करतं, दमट हवेतलं पाणी त्यावर साकळतं आणि लॅकर दुधासारखं पांढरं पडतं. ते ज्वालाग्राहीही आहे, म्हणून बंद खोली नको.

सीटी-१०० आपल्याकडे कुणाच्या घरात सापडण्याची शक्यता जवळपास नाही. पण मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि १९८२ साली देशात रंगीत प्रसारण आलं, त्या दशकभरात घेतलेले लाकडी शटरचे टीव्ही अजून काही माळ्यांवर आहेत. त्यातला एखादा तुमच्याकडे असेल तर भंगारात देण्याआधी एक ओला फडका आणि थोडं टर्पेंटाइन वापरून बघा. सुताराच्या हाती पॉलिश पेपर देण्याची घाई करू नका. आणि मागचं झाकण स्वतः उघडू नका, ते टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकलाच उघडू द्या. वीज काढून टाकल्यावरही चित्रनलिकेत जबर दाबाची वीज साठून राहू शकते.