महाकालीचे चंद्रपूर आणि रामाळ्याचे जल

चैत्र लागला की चंद्रपुरात दोन गोष्टींची चाहूल एकदमच लागते. एक रणरणत्या उन्हाची, दुसरी आई महाकालीच्या यात्रेची. नांदेड, परभणी, यवतमाळ आणि पलीकडे तेलंगणातून भाविकांचे जथे येऊ लागतात. पोतराजांच्या हलग्या घुमतात, झरपटेच्या काठी चुली पेटतात आणि पौर्णिमेपर्यंत हा सारा परिसर आईच्या नामाने भरून जातो.

परकोटाच्या आतील या जुन्या वस्तीत हिंडताना आम्हांस नेहमी एका आख्यायिकेचे स्मरण होते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर व्रणगाठी होत्या. झरपटेच्या पात्रातील पाण्याने त्याने मुख धुतले आणि त्याची व्याधी शमली. त्याच स्थळी अचलेश्वर प्रकटला. पुढे शिकारी कुत्र्याचाच पाठलाग करणारा ससा राजाच्या दृष्टीस पडला, तेव्हा राणीने तो शुभशकुन मानला आणि सशाच्या धावेच्या मार्गावर नगराचा कोट उभारला गेला, असे म्हणतात. सुमारे ११ किलोमीटरच्या त्या तटाला जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा व पठाणपुरा अशा चार वेशी आहेत. महाकालीचे आजचे मंदिर राणी हिराईने बांधविले. पती बीरशहाची समाधीही तिनेच अचलेश्वराच्या सान्निध्यात उभारली. १७५१ साली गोंडांचे राज्य लयास गेले. राणीची भक्ती मात्र दगडांत टिकून राहिली.

याच गोंडकालाचा दुसरा ठेवा म्हणजे रामाळा तलाव. त्याच्या काठचे उद्यान हा नगराचा विसावा होय. सकाळी वृद्ध मंडळी येथे फेरी मारतात, सायंकाळी मुलेबाळे खेळतात. पण या उद्यानाची शोभा ज्या जलावर अवलंबून, ते जलच सांडपाणी, गाळ व जलपर्णी यांनी गुदमरू लागले होते. २०१७ साली परकोटाची स्वच्छता हाती घेणाऱ्या इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी २०२१ साली याच तलावासाठी अन्नत्याग सत्याग्रह केला. त्यानंतर गाळ उपसण्याच्या कामास चालना मिळाली.

येथे आम्हां भाविकांना थोडे अंतर्मुख व्हावे लागेल. निर्माल्य, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती, पूजेच्या प्लास्टिकच्या पिशव्या हे सारे जलात सोडणारे हात आपलेच होते. ज्या नगराची कथाच पाण्याने व्याधी बरी झाल्यापासून सुरू होते, तेथील पाण्यालाच व्याधी जडावी आणि ती आपल्या श्रद्धेच्या नावाने जडावी, यासारखे दुर्दैव कोणते? देवीला नैवेद्य दाखवायचा आणि तिच्या पायाशी वाहणाऱ्या झरपटेत कचरा लोटायचा, ही पूजा नव्हे.

उपाय अवघड नाहीत. मूर्ती शाडूची व लहान असावी. विसर्जन घरी अथवा कृत्रिम कुंडात करावे. निर्माल्याचे खत करून तुळशीला घालावे. यात्रेला जाताना कापडी पिशवी न्यावी व आपला कचरा आपणच परत आणावा. आपल्या घरातील मुलांना हे शिकविणे हेही व्रतच आहे.

यंदा आईचे दर्शन घेऊन परतताना घटकाभर रामाळ्याच्या काठी बसावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे. राणी हिराईने आपल्यासाठी मंदिर ठेवले. आपण पुढील पिढीसाठी निदान निर्मळ पाणी ठेवू या. आई महाकाली आपणां सर्वांस तशी बुद्धी देवो.