हेड गॅस्केट उडालं!

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या.

सुट्टीत गोव्याला मामाची जुनी सॅन स्टॉर्म खोलली. १९९८ साली बाजारात आलेली, गोव्यातच बनलेली फायबर बॉडीची टू-सीटर. आत रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. टेम्परेचरचा काटा लालवर गेला तरी मामाने गाडी घरापर्यंत रेटली होती! मग रोज पाणी कमी, सायलेन्सरमधून पांढरा धूर, सकाळी मिसिंग. मामी म्हणाली, "भंगारात द्या."

कॉम्प्रेशन टेस्ट केली. दोन आणि तीन नंबर, शेजारशेजारचे सिलिंडर, दोन्ही कमी. थोडं ऑइल ओतूनही आकडा हलला नाही, म्हणजे रिंगा ठीक. हेड उतरवलं, तर त्या दोघांमधली गॅस्केटची पट्टी पाण्याच्या भोकापर्यंत जळलेली.

मेकॅनिक म्हणाला, नवीन टाकू, काम खल्लास. मी अडून बसले. अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून वाकतं. त्यावर सरळ पट्टी ठेवली, तर खालून ०.०५ मिमीची फीलर गेजची पात आरामात गेली. तसंच बसवलं असतं तर पुन्हा तेच! फेसिंग करून आणलं, बोल्ट नवे घेतले, मधून बाहेर असे टप्प्याटप्प्याने टाइट केले.

आणि मूळ कारण? रेडिएटर फॅनची निसटलेली वायर. मामीला अजून सांगितलेलं नाही.