बारा मण्यांची माळ आणि पुरुष-वंध्यत्वाचा डॉक्टर

एका दोरीत ओवलेले बारा मणी. सर्वांत लहान मण्यावर १ हा आकडा, सर्वांत मोठ्यावर २५, मापे मिलिलिटरची. झ्युरिकचे बालरोगतज्ज्ञ आंद्रेआ प्राडर यांनी १९६६ मध्ये हे साधन मांडले ते मुलगा वयात कितपत आला हे ठरवण्यासाठी. आज तीच माळ पुरुष-वंध्यत्वाच्या तपासणीतही वापरतात. डॉक्टर एका हाताने वृषण चाचपतात आणि दुसऱ्या हाताने त्या मापाचा मणी शोधतात. प्रौढ पुरुषात तो सहसा १५ ते २५ च्या दरम्यान सापडतो. वृषणाचा बहुतेक भाग शुक्राणू तयार करणाऱ्या नलिकांनीच भरलेला असतो. त्यामुळे मणी फार लहान निघाला, तर दोष शुक्राणू तयार होण्यातच असावा, हा अंदाज तिथल्या तिथे बांधता येतो.

आपल्याकडे मात्र मूल होईना की पहिला केसपेपर निघतो तो बायकोच्या नावाने. वास्तविक जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा जोडीने असतेच. त्यात १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा घडवल्याचे जाहीर केले. ‘इक्सी’ हे त्या तंत्राचे नाव. शोध अचाट खरा, पण एक शुक्राणू पुरतो म्हटल्यावर पुरुषाला तपासायचे कशाला, अशी सवयही त्याच्यामागून आली. नवऱ्याचा फक्त रिपोर्ट मागवायचा आणि उपचार ठरवून टाकायचे!

तो रिपोर्टही नीट वाचणारा माणूस हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार खालची मर्यादा आहे एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, त्यांतले ४२ टक्के हलणारे आणि निर्दोष आकाराचे अवघे ४ टक्के. शंभरातले शहाण्णव बेढब असले तरी चालते, हे वाचून पुष्कळांचा जीव भांड्यात पडावा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. दोन महिन्यांपूर्वी येऊन गेलेला ताप आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो. म्हणून एकाच नमुन्यावर निकाल देणाऱ्यापासून चार हात लांब राहावे. फक्त डॉपलर सोनोग्राफीत दिसलेल्या, हाताला न लागणाऱ्या व्हेरिकोसीलवर, म्हणजे अंडकोशातल्या फुगलेल्या शिरांवर, शस्त्रक्रिया सुचवणाऱ्यापासूनही.

आता ‘शुक्राणू शून्य’ हा शेरा घ्या. शेरा एकच, पण त्यामागे तीन अगदी निराळी कारणे असू शकतात.

मणी लहान आणि रक्तातले एफएसएच हे संप्रेरकही कमी, तर दोष मेंदूतून येणाऱ्या आदेशात. कालमन सिंड्रोममध्ये असेच होते आणि त्यात अनेकांना जन्मापासून वासही येत नाही. ‘फुलांचा वास येतो का हो?’ असे विचारणारा डॉक्टर इथे निम्मे निदान करून मोकळा होतो. हे काम एंडोक्रायनोलॉजिस्टचे. काही महिने संप्रेरकांची इंजेक्शने घेतल्यावर यांतल्या पुष्कळांना शुक्राणू येतात. मात्र ती इंजेक्शने टेस्टोस्टेरॉनची नव्हेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की मेंदू आदेश पाठवणे थांबवतो आणि शुक्राणू आटतात. १९९० च्या दशकात तर पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याच्या चाचण्या झाल्या होत्या. मूल हवे असलेल्या पुरुषाला ‘अशक्तपणावर’ हेच टोचणारा आणि रेल्वेरुळांकडेच्या भिंतींवरचा ‘शर्तिया इलाज’वाला, यांत मला फारसा फरक वाटत नाही.

मणी मोठा आणि एफएसएच नेहमीइतके, तर बहुधा वाट अडलेली. काही पुरुषांत शुक्रवाहिनी जन्मतःच नसते. एरवी ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जाड दोऱ्यासारखी लागते. लागली नाही की तिथेच कळते. यात सीएफटीआर जनुकाचा दोष सापडू शकतो, म्हणून पत्नीचीही जनुकीय तपासणी करावी लागते. अशा वेळी सूक्ष्मदर्शकाखाली काम करण्याचा सराव असलेला यूरोलॉजिस्ट लागतो. ‘अँड्रोलॉजिस्ट’ अशी पाटी दिसली तरी मूळ पदवी कोणती, हे विचारायला संकोचू नये.

मणी लहान आणि एफएसएच चढलेले, ही सर्वांत अवघड गाठ. क्लाइनफेल्टर सिंड्रोम, म्हणजे पुरुषात एक जादा एक्स गुणसूत्र, हे त्याचे एक नेहमीचे कारण. पूर्वी अशांना सरळ दत्तक मूल घ्यायला किंवा दात्याचे वीर्य वापरायला सांगत. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या पीटर श्लेगेल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली वृषण उघडून त्यातल्या जरा जाड, पांढरट नलिका तेवढ्या वेचण्याची पद्धत मांडली. अशा नलिकांत शुक्राणू मिळण्याची शक्यता अधिक असते. सर्जनला इथे नेमके प्रश्न विचारावेत: अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, नलिका तपासायला एम्ब्रियॉलॉजिस्ट त्याच वेळी हजर असतो का, सापडलेले शुक्राणू गोठवण्याची सोय आहे का. त्याही आधी वाय गुणसूत्राची तपासणी हवी. त्यातला एझेडएफ ए किंवा बी हा भाग पूर्ण गळालेला असेल, तर शस्त्रक्रिया करून हाती काही लागत नाही. सी भाग गळालेला असल्यास शुक्राणू मिळू शकतात, पण मुलगा झाला तर तोच दोष त्याच्याकडेही जातो. हे सारे नवरा-बायको दोघांना समोर बसवून चिरफाडीच्या आधी सांगणारा सर्जन निवडावा.