बंदिवान पालकांची कैफियत

१९७८ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या ३१ तारखेस अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम परगण्याच्या न्यायालयात एका बंदिवान मातेस तुरुंगातून आणून उभे करण्यात आले. त्या दिवशी तिच्यावर कोणताही फौजदारी आरोप नव्हता. खुनाच्या गुन्ह्यात १९७६ च्या जुलैमध्ये दोषी ठरून २५ ते ४० वर्षांची शिक्षा ती भोगीतच होती. विचार व्हावयाचा होता तो निराळ्याच गोष्टीचा: तिच्या लहान मुलाशी असलेले तिचे नाते कायद्याच्या दृष्टीने यापुढे शिल्लक राहावे की राहू नये, याचा. समाजकल्याण खात्याची दरखास्त अशी होती की, १९७५ च्या डिसेंबरपासून या बाईने मुलाशी काहीएक संबंध ठेवलेला नाही, आणि दोन वर्षांहून अधिक काळ त्याला बुद्ध्याच सरकारी व्यवस्थेत परक्या घरी राहू दिले आहे. सबब तिचे पालकत्वाचे सर्व हक्क संपुष्टात आणावेत. असा हुकूम एकदा झाला म्हणजे आईला मुलाच्या भेटीचा हक्क उरत नाही, त्याची खुशाली कळण्याचा हक्क उरत नाही, आणि उद्या त्याला कोणी दत्तक घेऊ लागले तर तिची संमती विचारण्याचेही कोणास कारण राहत नाही.

बाई हजर होती; वकील नव्हता. तिला वकील पाहण्यासाठी आणखी मुदत द्यावी काय, याची चर्चा न्यायाधीशांनी आरंभीच केली. परंतु नोटीस वेळेवर बजावलेली होती, वकील मिळविण्यास पुरेसा अवधी होता, आणि तो न मिळविण्यास सबळ कारण दिसत नाही, असा निष्कर्ष काढून त्यांनी काम तहकूब केले नाही. आपण निर्धन आहोत असे तिने सांगितले नाही, आणि न्यायालयानेही तिला वकील नेमून दिला नाही. मग खात्याच्या समाजसेविकेची साक्ष झाली, आणि ती संपल्यावर उलटतपासणीची पाळी या बंदिवान बाईवर आली. त्या कामाचे दप्तर पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यामुळे तेथे काय घडले हे आज आपल्याला ठाऊक आहे. ती प्रश्न विचारू लागे आणि वाक्य अर्ध्यावर येईतो प्रश्नाचे निवेदन होऊन जाई. आपण काय केले, काय केले नाही, मुलगा कोणाला ओळखतो, हे ती सांगू लागे. आणि ही वेळ प्रश्नांची आहे, सांगण्याची नव्हे, असे न्यायाधीश तिला बजावीत. उलटतपासणी ही वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने साधणारी विद्या आहे. जिच्या पोटच्या मुलाचा निर्णय चालू आहे अशा अल्पशिक्षित स्त्रीस, पहाऱ्यातून आणून, कोणाशी एक शब्द बोलण्याची सोय नसताना, ती विद्या तत्क्षणी अवगत असावी ही अपेक्षा मला क्रूर वाटते.

तिची मागणी वास्तविक लहान होती. मूल आपल्या हाती द्या असे ती म्हणतच नव्हती, कारण ते अशक्य आहे हे तिलाही कळत होते. मुलगा आजीजवळ, आपल्या भावाबहिणींत वाढू द्यावा, एवढेच तिचे म्हणणे होते. आजी न्यायालयात हजर होती आणि तिची साक्षही झाली. मुलाला सांभाळणे आपल्याला जमणार नाही असे आजीने पूर्वी सांगितले होते, हे खात्याचे म्हणणे. आपण तसे कधीच बोललो नाही, हे आजीचे. या दोहोंतील खरे कोणते याचा छडा लावणारे, ऐकीव पुराव्यास वेळच्या वेळी हरकत घेणारे, आईच्या बाजूचे माणूस तेथे कोणीच नव्हते. या संदर्भात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आर. डी. उपाध्याय यांच्या याचिकेवर दिलेल्या निवाड्याची आठवण होते. तुरुंगात आईजवळ राहणारे मूल सहा वर्षांचे झाले म्हणजे आईच्या इच्छेनुसार योग्य व्यक्तीच्या हवाली करावे, नाहीतर समाजकल्याण खात्याच्या योग्य संस्थेत पाठवावे, असे त्यात सांगितले आहे. आपल्या तुरुंगांतून हा दंडक कितपत पाळला जातो हा प्रश्न स्वतंत्र आहे. परंतु बंदिवान मातेची इच्छा ही विचारात घेण्याजोगी वस्तू आहे, एवढे तरी त्या निवाड्यात लेखी नमूद आहे. डरहॅममध्ये ती इच्छा उच्चारली गेली, आणि दप्तरात विरून गेली. मातेचे हक्क संपुष्टात आले.

अपिले होत होत हा खटला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, आणि लॅसिटर खटला या नावाने विख्यात झाला. १९८१ च्या जून महिन्याच्या पहिल्या तारखेस पाच विरुद्ध चार मतांनी त्याचा निकाल लागला. बहुमताचा निवाडा न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट यांनी लिहिला. सरकारने वकील पुरविलाच पाहिजे हा घटनात्मक हक्क जेथे माणसाचे शारीरिक स्वातंत्र्य धोक्यात असते तेथेच गृहीत धरावा. अन्य ठिकाणी मात्र पालकाचे हित, सरकारचे हित आणि निर्णय चुकण्याचा संभव या तिन्ही गोष्टी तोलून ज्या त्या न्यायालयाने प्रकरणागणिक ठरवावे, असे त्याचे सार आहे. या तोलात बाईचे पारडे हलके ठरले. १९७५ साली मुलाच्या ताब्याबद्दल जी पहिली सुनावणी झाली तीस ती गेली नव्हती. खुनाच्या शिक्षेविरुद्ध खटपट करण्यासाठी तिच्या आईने जो वकील दिला होता त्याच्याजवळ या नव्या दरखास्तीचा तिने उल्लेखही केला नव्हता. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या लपवून तिची बाजू मांडणे मला योग्य वाटत नाही. वकील असता तरी निकालात फरक पडला नसता, असे बहुमताने म्हटले. परंतु वकील असता तर काय पुढे आले असते याचा अंदाज वकिलाच्या अभावी तयार झालेल्या दप्तरावरून बांधावयाचा, या रीतीतच मोठा दोष आहे. ज्या दोन वर्षांची गैरहजेरी तिच्या माथी मारली होती त्यांपैकी बहुतेक काळ ती सरकारच्याच कोठडीत होती. अशा गैरहजेरीला ‘बुद्ध्याच’ हे विशेषण लागू होते काय, हा कायद्याचा साधा आणि निर्णायक प्रश्न तिच्या वतीने त्या दिवशी कोणी उपस्थितच केला नाही. न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी ब्रेनन आणि मार्शल या न्यायमूर्तींसह भिन्नमत नोंदविले, आणि न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी आपले भिन्नमत निराळे लिहिले. अपत्याचा कायमचा वियोग हा कारावासाहूनही दुःसह असू शकतो, असे ते सांगत होते. पुढच्याच वर्षी, १९८२ साली, सँटोस्की खटल्यात ब्लॅकमन यांना बहुमत लाभले, आणि पालकत्व संपविण्यासाठी साध्या संभाव्यतेहून अधिक, स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा लागतो असा दंडक त्यांच्या हातून प्रस्थापित झाला. वकिलाविषयीचा लॅसिटरचा निवाडा मात्र कायम राहिला. बहुतेक राज्यांनी आपापल्या कायद्याने ही उणीव भरून काढली आहे, आणि नॉर्थ कॅरोलायनातही आज निर्धन पालकास वकील मिळतो. परंतु ती राज्याच्या कायदेमंडळाची देणगी आहे, आणि देणगी परत घेता येते.

वकील मिळाला तरी पालकाने स्वतः न्यायालयात कसे पोहोचावे हा प्रश्न उरतोच. बंदिवानाला तारखेस आपल्या पायांनी जाता येत नाही. न्यायालयाने त्याला हजर करण्याचा हुकूम काढावा लागतो, तो तुरुंगाच्या अंमलदारांपर्यंत मुदतीत पोहोचावा लागतो, पहारेकरी आणि वाहन यांची तजवीज व्हावी लागते, आणि हा खर्च कोणत्या खात्याने सोसावयाचा याचा वाद कित्येकदा मध्येच उपस्थित होतो. अमेरिकेतील राज्य तुरुंगांत असलेल्या आईबापांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण आपल्या शेवटच्या राहत्या ठिकाणापासून १०० मैलांहून दूर ठेवलेले होते, असे त्या देशाच्या न्यायखात्याच्या १९९७ च्या पाहणीत आढळले. मुलाचे प्रकरण चालते ते मुलाच्या गावच्या न्यायालयात, आणि पालकाचा देह असतो तो शासनाला सोयीच्या तुरुंगात. अशा सुनावणीस जातीने उपस्थित राहण्याचा निरपवाद घटनात्मक हक्क बहुतेक राज्यांतील न्यायालयांनी मान्य केलेला नाही; वकील हजर असला आणि पालकाला आपले म्हणणे अन्य मार्गाने कळविता आले म्हणजे भागते, अशी सर्वसाधारण भूमिका आहे.

कॅलिफोर्नियाने मात्र आपल्या दंडसंहितेच्या २६२५ व्या कलमात याहून पुढे पाऊल टाकले आहे. पालकत्व संपविण्याची, किंवा मुलाला न्यायालयाच्या छत्राखाली घेण्याच्या बहुतेक प्रकारांतील सुनावणी असेल तर बंदिवान पालकास नोटीस दिलीच पाहिजे, आणि हजर राहण्याची इच्छा त्याने कळविली तर त्याला आणण्याचा हुकूम न्यायालयाने काढलाच पाहिजे. २००४ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावताना असे सांगितले की, पालक आणि त्याचा वकील या दोघांचीही उपस्थिती आवश्यक आहे. एक असल्याने दुसऱ्यावाचून भागत नाही. इतके निःसंदिग्ध सांगितल्यानंतर त्याच निवाड्यात, समोरच्या प्रकरणात पित्यावाचून काम चालविले गेले ही चूक खरी, परंतु त्याचा वकील हजर असल्यामुळे तिने निकालात अंतर पडले नसते, म्हणून ती निरुपद्रवी, असेही ठरविण्यात आले. हक्क आहे, त्याचा भंगही झाला आहे, आणि तरी भंगाचा परिणाम काही नाही, अशी अवस्था झाली म्हणजे तुरुंगाचा कारकून हजेरीच्या हुकुमाची तातडी कशासाठी बाळगील?

या सर्वांवर १९९७ साली घड्याळाची भर पडली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या दत्तक आणि सुरक्षित कुटुंब कायद्याने असा दंडक घातला की, मूल मागील २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी संगोपनात राहिले असेल तर राज्याने पालकत्व संपविण्याची दरखास्त दाखल करावी. या कायद्याच्या मागचा उद्देश हीन नव्हता. त्यापूर्वीच्या काळात असंख्य मुले एका परक्या घरातून दुसऱ्या परक्या घरात वर्षानुवर्षे हिंडत राहत, आणि आईबाप सुधारतील या आशेवर त्यांचे बालपण संपून जाई. बालकाच्या आयुष्यातील दोन वर्षे ही प्रौढाच्या दोन वर्षांइतकी नसतात, हे कोणत्याही सहृदय माणसास मान्य करावे लागेल. काही आईबापांपासून मुलाला कायमचे दूर ठेवणेच त्याच्या हिताचे असते, हेही खरे. सुनावणीत भाग घेण्याचा हक्क म्हणजे सुनावणी जिंकण्याचा हक्क नव्हे. परंतु १५ महिन्यांची ही मुदत शिक्षेच्या मुदतीपुढे ठेवून पाहिली म्हणजे चोरीसारख्या किंवा अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी दोन-तीन वर्षे तुरुंगात गेलेल्या मातेचे काय होते ते ध्यानात येते. मूल नातलगाकडे असेल, मुलाच्या हिताचे सबळ कारण नमूद केले असेल, किंवा आवश्यक साहाय्य खात्यानेच पुरविले नसेल, तर दरखास्त न करण्याची मुभा कायद्यात आहे; मात्र या अपवादांकडे न्यायालयाचे लक्ष वेधावयास पालकाचा आवाज तेथे पोहोचला पाहिजे, आणि तो सहाव्या महिन्यातच पोहोचला पाहिजे. शेवटच्या सुनावणीस मोठ्या बंदोबस्तात आणून उभ्या केलेल्या आईला तेथे आढळते ते हे की, मधल्या आढाव्याच्या तारखांना तिच्या अनुपस्थितीत जे जे नोंदले गेले ते सर्व आता तिच्याविरुद्धचा पुरावा होऊन बसले आहे. २००७ साली अमेरिकेतील सुमारे १७ लाख अल्पवयीन मुलांचे आई किंवा वडील राज्याच्या अथवा संघराज्याच्या तुरुंगात होते. त्यांतील बहुतेक मुले दुसऱ्या पालकाजवळ किंवा आजीआजोबांजवळ असतात. ज्यांना असे कोणी नाही त्यांच्या बाबतीत हे घड्याळ चालू होते.

न्यूयॉर्कने २०१० साली आणि वॉशिंग्टन राज्याने २०१३ साली आपले कायदे बदलून या घड्याळाचा काच थोडा सैल केला. पालक केवळ तुरुंगात असल्यामुळे मूल संगोपनात राहिले असेल, आणि पत्रे, दूरध्वनी, भेटी यांच्या द्वारा त्याने मुलाच्या जीवनात अर्थपूर्ण स्थान राखले असेल, तर दरखास्त लांबणीवर टाकता येते. मुलाच्या भवितव्याची योजना ठरविणाऱ्या बैठकांत बंदिवान पालकाला दूरध्वनीने किंवा चित्रवाणी-संपर्काने सामील करून घेण्याची तरतूदही न्यूयॉर्कच्या कायद्यात आहे. दूरध्वनीवरील हजेरी ही अपुरी हजेरी आहे यात शंका नाही. साक्षीदाराचा चेहरा दिसत नाही, आणि साक्ष चालू असता वकिलाच्या कानात दोन शब्द सांगता येत नाहीत. तथापि, मधल्या तारखांना तिचा उपयोग फार मोठा आहे, कारण दरखास्तीचा पाया या तारखांतच घातला जातो.

मिशिगन राज्यातील एका पित्याच्या प्रकरणावरून हे स्पष्ट होते. त्या राज्याच्या न्यायालयीन नियमांत असा एक नियम आहे की, अल्पवयीन मुलाविषयीच्या कामात एखादा पक्षकार तुरुंगात असेल तर दाद मागणाऱ्याने ती गोष्ट न्यायालयास कळवावी, न्यायालयाने तुरुंगाशी संपर्क साधून त्या पक्षकाराशी दूरध्वनीवर बोलणे घडवावे, त्याला नोटीस मिळाली काय, वकील हवा काय, पुढील सुनावणीत त्याला भाग कसा घेता येईल, हे विचारावे. आणि अशी संधी त्याला दिली गेली नसेल तर मागितलेली दाद न्यायालयाने देऊ नये. नियमात नमूद असलेली ही काळजी या पित्याच्या वाट्यास आली नाही. आरंभीच्या एका बैठकीनंतर वर्षाहून अधिक काळ एकाही सुनावणीत त्याला सामील करून घेण्यात आले नाही, खात्याने त्याच्याशी संबंध ठेवण्याचा विशेष प्रयत्न केला नाही, आणि अखेरीस त्याचे पालकत्व संपविण्यात आले, तेही त्याच्या सुटकेचा संभव जवळ आला असता. मुले त्याच्या नातलगांच्या घरी सुखरूप होती, याचाही पुरेसा विचार झाला नव्हता. २०१० च्या मे महिन्यात मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. केवळ तुरुंगवास हे पालकत्व संपविण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि तुरुंगातील पालकाने आपल्या आप्तांकरवी मुलाच्या संगोपनाची व्यवस्था केली तर तेही कायद्याच्या अर्थाने संगोपनच होय, असे त्या न्यायालयाने सांगितले. निरुपद्रवी म्हणून ही चूक सोडून देण्यात आली नाही. जी संधी पित्याला दिलीच गेली नव्हती तिचा लाभ त्याने घेतला नाही हा ठपका त्याच्यावर ठेवता येणार नाही, हे मान्य करून प्रकरण फेरविचारासाठी खालच्या न्यायालयाकडे परत पाठविण्यात आले.